गोल फोटोतली रिकामी जागा

तलावाच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढायचं काम मला ताईमुळे मिळालं. ताई, माझी मोठी बहीण, त्या बंदिस्त तलावावर मुलींना पोहायला शिकवते. मी इमारतींचे फोटो काढते. दवाखाने, शाळा, कधी एखादं गोदाम. भिंती सरळ दिसल्या पाहिजेत, एवढीच माझी कला.

त्या तलावाला मात्र धड भिंतीच नव्हत्या. काँक्रीटचा भलामोठा घुमट, खाली निळ्या फरशीचा तलाव, भोवती गोलाकार चढत गेलेली बाकं. माझ्या कुठल्याच लेन्समध्ये घुमट अख्खा मावेना. शेवटी लेन्स दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी कपाटातून एक जुनी फिशआय काढली, चहूबाजूंचं सगळं एकाच गोल चित्रात पकडणारी लेन्स. पन्नास-एक वर्षांची, हातोड्यासारखी जड, पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली.

"हिची मागची काच फार आत घुसते," काका म्हणाले. "जुन्या कॅमेऱ्याला ही लावायची तर आतला आरसा आधी वर करून ठेवावा लागायचा. मग डोळा लावून काही दिसायचंच नाही. सगळा अंदाजपंचे कारभार. तुमच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. हिच्यातून बघणाऱ्या तुम्ही बहुतेक पहिल्याच."

मधे एक पितळी कडं घालून त्यांनी ती माझ्या कॅमेऱ्यावर बसवून दिली. कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखू येत नव्हती. नावाच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा.

मंगळवारी सकाळी, तलाव स्वच्छतेसाठी बंद असताना, मी एकटीच आत गेले. क्लोरीनचा वास, पाण्याची बारीक चुळबुळ. काठावर कॅमेरा घुमटाकडे तोंड करून ठेवला, स्वतः फोटोत येऊ नये म्हणून खाली वाकले आणि बटण दाबलं. फोटो आला तो गोल, काळ्या चौकटीत थाळीसारखा. घुमटाची एकूण एक बरगडी त्यात होती. मी खूश झाले. असे तीन काढले.

घरी मोठ्या पडद्यावर बघितलं तेव्हा वर्तुळाच्या कडेला माणसं दिसली.

तांदळाच्या दाण्याएवढी. पाय बाहेरच्या बाजूला, डोकी मध्याकडे, फिशआयमध्ये दिसतात तशीच. बाकांवर दाटीवाटीने उभी राहून सगळी वर बघत होती. दोनशेच्या आसपास असतील. आणि मी तिथे एकटी होते.

घाबरण्याआधी मी धूळ तपासली. मग काचेतली प्रतिबिंबं. मग दुसरा कॅमेरा घेऊन बुधवारी परत गेले. माझ्या नेहमीच्या लेन्सने काढलेल्या फोटोंत बाकं रिकामी. फिशआय लावली की माणसं हजर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधी काही दिसायचं नाही, बटण दाबल्यावरच उमटायची. चेहरे ओळखू येण्याइतके मोठे नव्हते. कपडे साधे होते, कुठल्याही काळातले.

सगळे फोटो ओळीने लावल्यावर मला खरी गोष्ट दिसली. पहिल्या फोटोत माणसं वर्तुळभर होती. दुसऱ्यात एके ठिकाणी फट पडली होती. बुधवारच्या शेवटच्या फोटोत ती फट चांगली रुंद झाली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसं एकमेकांवर चेंगरून उभी होती. सगळ्यांची नजर घुमटावरच्या एकाच जागेवर.

ती फट म्हणजे उत्तरेकडची तिसरी ते सातवी रांग. रविवारी आंतरशालेय स्पर्धा होती. तिथे ताईच्या मुली बसणार होत्या.

मी व्यवस्थापकांना भेटले. माणसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. "उत्तरेकडे घुमटाला तडा दिसतोय," असं धडधडीत खोटं सांगितलं. त्यांनी एका माणसाला दुर्बीण घेऊन पाठवलं. तो दहा मिनिटांत परत आला.

"काही नाही मॅडम. गेल्याच वर्षी रंग दिलाय," व्यवस्थापक म्हणाले. "तुम्ही फोटो छान काढता. तेवढंच करा."

संध्याकाळी ताई माझ्या घरी आली ती तणतणतच.

"तडा म्हणे! खोटं बोलताना तू कानाची पाळी ओढतेस, लहानपणापासून. साहेबांनी मला मुद्दाम विचारलं, बहीण अशी काय करते. वर्षभर पहाटे उठून पोरी तयार केल्यात मी. तुला काय मिळालं गं त्यात खोडा घालून?"

मी तिला फोटो दाखवले. ती खुर्चीच्या कडेवर टेकून एकेक फोटो बघत गेली.

"कॉम्प्युटरवर केलंस हे?"

"नाही."

"शपथ?"

"तुझी."

ती उठली, चपला घातल्या, दारात थांबली. "मला काही दिसलं नाही," म्हणाली आणि गेली.

रविवारी दहाला हॉल गच्च भरला. शिट्ट्या, आरोळ्या, ओल्या पायांचे फटफट आवाज. ताईच्या बारा मुली लाल टोप्या घालून उत्तरेच्या बाकांवर बसल्या होत्या. मी कॅमेरा काठावर ठेवला. फोटो काढायला म्हणून नाही, हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून.

कॅमेऱ्याचा पडदा उजळला. मी बटण दाबलं नव्हतं.

तरी ती माणसं दिसत होती. खऱ्या माणसांच्या मधे, राखी, विरळ. आणि पहिल्यांदाच ती हलत होती.

आता कोणीही वर बघत नव्हतं. सगळी उत्तरेकडे वळली होती. फटीतल्या लाल टोप्यांकडे हात करून ओरडत होती. तोंडं उघडी. आवाज नाही.

"ताई!"

ती आली. वाकली. पडद्याकडे बघितलं, मग समोर बाकांकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

 ती दारापाशी गेली, आगीच्या घंटेची काच कोपराने फोडली आणि कळ ओढली.

कानठळ्या बसल्या. ताई बाकांवर चढली. पाण्यापलीकडच्या मुलीला हाक मारायचा तिचा आवाज मला माहीत होता, पण असा नव्हे. "उठा! पिशव्या नकोत, टॉवेल नको, उठा!"

चार मिनिटांत हॉल रिकामा झाला.

बाहेर हिरवळीवर अडीचशे माणसं उभी. व्यवस्थापक लालबुंद. "आग कुठे आहे? कोणी सांगेल का मला, आग कुठे आहे?" अग्निशमन दलाची गाडी आली. अधिकारी दारापर्यंत गेले, आत डोकावले, वळून आमच्याकडे बघत म्हणाले, "खोडसाळपणा दिसतो. चला, सगळ्यांनी..."

आवाज फार मोठा नव्हता. कोणी जड कपाट सरकवावं तसा.

मग धूळ आली. दारातून, पांढरी, सावकाश.

घुमटाचा खोलीएवढा तुकडा खाली आला होता. तिसऱ्या रांगेपासून सातव्या रांगेपर्यंत.

कोणालाही साधं खरचटलं नव्हतं.  मग बारा लाल टोप्या ताईवर तुटून पडल्या, तिला आडवं उचललं आणि हिरवळीवर मिरवायला लागल्या. अडीचशे माणसं टाळ्या वाजवत होती. व्यवस्थापक पायरीवर बसून रडत होते, आणि रडता रडता टाळ्याही वाजवत होते. ताई हवेतूनच माझ्यावर ओरडली, "अगं, फोटो काढ की!"

तीन आठवड्यांनी उघड्या तलावावर स्पर्धा झाली. ताईच्या मुलींनी चारही शर्यती मारल्या. रिलेत तर दुसरा संघ निम्म्यातच होता. लोखंड आतून गंजलेलं होतं, रंगाखाली काही दिसणं शक्यच नव्हतं, असा चौकशीचा अहवाल आला. घुमट नवा झाला. उद्घाटनाला मला मानाने बोलावलं, आणि मी तीच फिशआय घेऊन गेले. एकामागून एक चाळीस फोटो काढले. गोल वर्तुळात हसणारी, खरीखुरी, मोजून बघता येतील अशी माणसं. बाकी कोणी नाही. ताई म्हणाली, "गेली बिचारी. सुटली." मलाही तसंच वाटलं. त्या दिवशी आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या हातात हात घालून घरी आलो.

दुपारी उन्हात, खिडकीपाशी बसून मी लेन्स पुसायला घेतली. पुढच्या काचेवर वाफेचा रुपयाएवढा डाग होता. मऊ फडक्याने पुसला. जाईना. बोट लावलं तर काच कोरडी.

वाफ आतल्या बाजूला होती. मी बघत असताना ती विरली, कोणी आतून श्वास घेत-सोडत असावं तशी. परत आली. विरली. मग शेजारी दुसरा डाग उमटला, मग तिसरा, होता होता काचेच्या कडेकडेने गोल.

त्या लेन्सला मी आता झाकण लावत नाही.