बासष्ट टक्के, दोनशे साठ किलोमीटर

"पोलीस म्हणतात, बाबा घसरून पडले. मला ते पटत नाही."

समोर बसलेली बाई घरोघर जाऊन रुग्णांची देखभाल करणारी नर्स होती. तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता. दुसऱ्यांची दुखणी रोज पाहणारी माणसं स्वतःचं दुःख अशीच सांगतात.

टाचणीबाई ऐकत होत्या. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. अंगानं काटकुळ्या आणि बोलणं टोचणारं, म्हणून हे नाव पडलं. निवृत्तीनंतर त्या खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे जुने स्नेही कंपाउंडर शेजारी वही उघडून बसले होते. ते सगळं टिपून घेत. उलगडा व्हायला मात्र त्यांना वेळ लागे.

नर्सचे वडील डोंगरमाथ्यावरचं हवामान केंद्र सांभाळत. हाताखाली एक सहायक होता. मागच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी तीनची नोंद त्यांच्या अक्षरात होती. चारपासून पुढच्या जागा कोऱ्या. शुक्रवारी सकाळी सहायकाला ते वाऱ्याच्या मनोऱ्याखाली, लोखंडी शिडीच्या पायथ्याशी सापडले.

"चाळीस वर्षं त्या शिडीवर चढउतार केली त्यांनी," नर्स म्हणाली. "आणि पडल्यावर लगेच गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, रात्रीपर्यंत जीव होता."

"काही गहाळ?"

"गेल्या महिन्याची पावसाची नोंदवही."

गेल्या महिन्यात बोगद्याच्या तोंडावर दरड कोसळली होती. नऊ कामगार गाडले गेले. म्हाताऱ्याचं म्हणणं, मी त्या दिवशी तीनदा फोन करून काम थांबवायला सांगितलं होतं. कामाच्या कचेरीचं म्हणणं, फोन आलाच नाही. येत्या सोमवारी चौकशी समितीपुढे म्हातारा ती वही घेऊन जाणार होता. तिच्यात पावसाचे आकडे होते आणि केलेल्या फोनच्या वेळाही.

"बोगद्याचं काम कोणाकडे आहे?"

"माझ्या मिस्टरांकडे. ते इंजिनिअर आहेत." नर्सनं नजर झुकवली नाही. "पण गुरुवारी ते नदीकाठच्या यार्डात होते, बोगद्याचं लोखंड ठेवतात तिथे. मला संशय सहायकाचा येतो. बाबांनी त्याची तक्रार केली होती."

"बातमी कळल्यावर तुम्ही किती वेळात पोचलात?"

पहिल्यांदाच तिचा चेहरा हलला.

"उशिरा. आमची विजेवरची गाडी आहे. सकाळी निघताना तिनं दोनशे साठ किलोमीटर दाखवले, म्हणून चार्जिंगला लावलीच नाही. ऐंशी किलोमीटर चालवली, तर आकडा शंभरावर आला. तेवढ्यात फोन आला. डोंगराच्या पायथ्याला पोचेपर्यंत पन्नासच उरले आणि तेवढ्यावर डोंगर चढता येईना. चाळीस मिनिटं चार्जिंगपाशी उभी राहिले, आणि बाबा वर तसेच पडलेले. गाडीनंसुद्धा दगा दिला बघा."

"आकडे नक्की आठवतात?"

तिनं कामाची डायरी पुढे केली. ऑफिसला रोज भरून द्यावी लागे. बुधवारी संध्याकाळी चार्जिंग काढताना बॅटरी नव्वद टक्के, पुढे जाईल दोनशे सत्तर किलोमीटर. शुक्रवारी सकाळी निघताना बासष्ट टक्के, दोनशे साठ किलोमीटर. मधल्या काळात गाडी शहात्तर किलोमीटर चालली होती.

"गुरुवारी गाडी कोणी नेली?"

"माझी सुट्टी होती. ह्यांनी नेली. यार्डात."

टाचणीबाईंनी त्या पानाचा फोटो काढून घेतला. "उद्या ही गाडी आम्हाला द्याल? वर जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी बाई गाडी चालवत होत्या आणि कंपाउंडर पडद्यावरचे आकडे लिहीत होते. नर्सच्या घरापासून निघताना ऐंशी टक्के, दोनशे चाळीस. माथ्यावर पोचले तेव्हा अडतीस किलोमीटर झाले होते आणि पडद्यावर एकशे अठरा उरले होते.

"खादाड आहे हो ही," कंपाउंडर पुटपुटले.

सहायक दारातच उभा होता. दाढीचे खुंट वाढलेले.

"माझ्यावर संशय आहे ना?" तो म्हणाला. "असू दे. मी घरी बसून खोटे आकडे भरले होते, ते साहेबांनी पकडलं. ते आकडे त्याच वहीत होते. वही नाहीशी झाली तर माझंच फावतं, हे मलाही कळतं."

"गुरुवारी कुठे होतात?"

"आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. दुपारपासून रात्री नऊपर्यंत दवाखान्यात. विचारा."

कंपाउंडरांनी तिथूनच फोन केला. दवाखान्यानं दुजोरा दिला.

"साहेबांनी त्या दिवशी बोगद्यावर फोन केले होते?"

"तीनदा. मी खोलीतच होतो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, अहो जावईबापू, माणसं बाहेर काढा."

"हे आजवर का नाही सांगितलंत?"

"माझे खोटे आकडे बाहेर आले असते." त्यानं मान खाली घातली.

टेबलावर चालू महिन्याची नोंदवही होती. टाचणीबाईंनी गुरुवारचं पान काढलं. दुपारी एक ते तीन, प्रत्येक तासाला तेच ठसठशीत अक्षर: आकाश निरभ्र, वारा शांत.

उतरताना बाईंनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय जवळजवळ उचलूनच ठेवला होता. उतरून नर्सच्या घराशी आल्यावर कंपाउंडरांनी चष्मा पुसून पुन्हा पडदा पाहिला.

"अहो, वर एकशे अठरा होते, आता दोनशे पंधरा! ही काय उताराला वीज पिकवते?"

"थोडी पिकवते. बाकीची नुसती आशा दाखवते. टक्के लिहा."

"एक्कावन्न," कंपाउंडर म्हणाले, आणि लिहून विसरून गेले.

इंजिनिअर त्यांना घरीच भेटला. तो शांत होता आणि नेमकं बोलत होता.

"एक वाजता निघालो, साडेपाचला परतलो. यार्डाला सुट्टी होती, त्यामुळे साक्षीदार नाही. तुळयांना गंज चढलाय का ते पाहत होतो. गाडीचा आकडा तपासा ना. यार्ड अडतीस किलोमीटरवर आहे."

"वाटेत कुठे वळलात? एखादा चढ वगैरे?"

"छे. नदीकाठचा रस्ता, ताटासारखा सपाट. नेहमीच्याच वेगानं गेलो आणि आलो."

"वाराबिरा?"

"पान हलत नव्हतं." तो किंचित हसला. "तुम्हीही हवामान खात्यातल्या का?"

रविवारी सकाळी त्याच घरात, जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले होते. नर्स, तिचा नवरा, सहायक, आणि टाचणीबाईंनी बोलावलेले पोलीस अधिकारी. म्हातारा आला की ज्या खुर्चीत बसे, ती कोणी घेतली नव्हती.

"यार्ड अडतीस किलोमीटर," बाईंनी सुरुवात केली, "आणि हवामान केंद्रही अडतीस. त्यामुळे किती किलोमीटर झाले यावरून काहीच ठरत नाही. गाडी कुठे गेली, ते दुसरे दोन आकडे सांगतात."

त्यांनी डायरी मधोमध ठेवली.

"टक्के म्हणजे पोटात उरलेलं अन्न. ते दिवसभराचा हिशेब सांगतात. पुढचे किलोमीटर हा मात्र गाडीचा अंदाज असतो. शेवटच्या पट्ट्यात तिला जेवढी भूक लागली, तेवढीच पुढेही लागेल असं ती धरून चालते. या गाडीचा नेहमीचा भाव टक्क्याला तीन किलोमीटर. नव्वदला दोनशे सत्तर, ऐंशीला दोनशे चाळीस. मग बासष्टला किती?"

"एकशे शहाऐंशी," कंपाउंडर म्हणाले.

"आणि दाखवत होती दोनशे साठ. म्हणजे गुरुवारच्या शेवटच्या पट्ट्यात गाडीनं जवळजवळ काही खाल्लंच नव्हतं."

"हळू चालवली असेल," अधिकारी म्हणाले. "हळू चालवली की गाडी कमी खाते."

"मग दिवसभराचा खर्चही कमी दिसला असता. शहात्तर किलोमीटरला पंचवीस टक्के पुरतात, गेले अठ्ठावीस. एकूण खर्च नेहमीपेक्षा जास्त आणि शेवटी मात्र उपास. जाताना अधाशासारखं खाल्लं आणि येताना तोंड उघडलं नाही. असं दोनच कारणांनी होतं. जाताना समोरून सोसाट्याचा वारा आणि येताना पाठीवर, किंवा जाताना चढ आणि येताना उतार. वारा नव्हता, हे यांनी स्वतः सांगितलं आणि म्हाताऱ्यानंही लिहून ठेवलंय. नदीकाठी चढ नाही, हेही यांनीच सांगितलं. काल आम्ही हीच गाडी डोंगरावर नेऊन आणली. एकोणतीस टक्के गेले, आणि खाली उतरल्यावर अंदाज असाच फुगला."

कंपाउंडरांच्या हातातलं पेन थांबलं. ते आकडे त्यांनीच लिहिले होते.

"गुरुवारी तुम्ही यार्डात गेला नव्हतात," टाचणीबाई इंजिनिअरला म्हणाल्या. "सासऱ्यांकडे गेला होतात."

तो हसायला गेला, पण ते जमलं नाही.

"ते तीन फोन..." सहायक एकदम अधिकाऱ्यांकडे वळून बोलला. "मी खोलीत होतो, साहेब. उद्या समितीपुढे मी सांगणार आहे. माझं काय व्हायचं ते होवो."

मग इंजिनिअरनं बायकोकडे पाहिलं.

"मी नुसती वही मागायला गेलो होतो. ते मनोऱ्याच्या शिडीवर होते. म्हणाले, त्या नऊ जणांची नावं सांग, वही देतो." त्यानं चार बोटं मिटली. "मला चारच आठवली. ते पाठ फिरवून वर चढायला लागले. मी पाय धरून ओढला. वही खोलीतून उचलून नदीत टाकली."

"पडल्यावर ते बोलत होते?" नर्सनं विचारलं.

त्यानं समोरचा पाण्याचा पेला बाजूला सारला.

"अहो, मी विचारतेय. बोलत होते का?"

"पाणी मागत होते."

नर्स टेबलाची कड धरून उभी राहिली. "गुरुवारी सात वाजता मी तुम्हाला म्हटलं होतं, बाबा फोन उचलत नाहीत, वर जाऊन येऊ या का. तेव्हा ते जिवंत होते. मी नर्स आहे. तुम्ही माझ्याकडून भाजी वाढून घेतलीत आणि म्हणालात, झोपले असतील."

अधिकाऱ्यांनी इंजिनिअरला उठवलं आणि बाहेर शिपायाच्या ताब्यात दिलं. टाचणीबाईंनी नर्सच्या खांद्यावर हात ठेवला. टोचेल असं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

अधिकारी परत आले. डायरी पुरावा म्हणून हवी होती आणि तिचा जबाबही. त्यांनी कागद काढला आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "मृताशी नातं?"

"मुलगी."

"आणि... आरोपीशी?"

ती दाराकडे पाहत राहिली. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"बायको," ती म्हणाली. "लिहा. आणि पुढचं मी सांगते तसं घ्या, एकही वेळ चुकवू नका."

तिनं खुर्ची ओढली आणि गुरुवार दुपारपासून सांगायला सुरुवात केली.