गिटारीतला देवचार

"आई गे!" भाईदादा ओरडला आणि गिटार टाकून मागे उडाला.

देवळासमोरच्या मांडवात संध्याकाळच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. भाईदादाने तारांना हात लावला होता, एवढंच! आता तो जमिनीवर बसून थरथरत होता. उजव्या हाताची बोटं आखडली होती.

"दादा, काल पण असाच झाला मा?" त्याची धाकटी बहीण सुगंधा धावत आली.

भाईदादा, म्हणजे हरिश्चंद्र, मुंबईला गोदीत नोकरी करायचा आणि रविवारी एका बँडमध्ये वाजवायचा. मे महिन्याच्या रजेत तो विजेवर वाजणारी गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारी अँप्लिफायरची पेटी बोटीतून घेऊन आला होता. मालवणजवळच्या त्यांच्या वाडीत वीज येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. असलं वाद्य तर कुणी पाहिलंच नव्हतं.

देवळाचे मानकरी शंकरआबा काठी टेकत आले. दिव्यांचा आणि माईकचा ठेका घेतलेला गंगाराम त्यांच्या मागोमाग होता.

"आबा, माझ्या लायनीत काय्येक दोष नाय," गंगाराम म्हणाला. "ह्या परक्या मुलखातला वाद्य देवचाराक खपणा नाय, दुसरा काय!"

देवचार म्हणजे वाडीचा राखणदार. त्याचं नाव निघताच सगळ्यांनी देवळाकडे बघून हात जोडले.

"हरिश्चंद्रा, ह्या वाद्य बंद," आबा म्हणाले. "आणि तू आज मांडवात येव नको. राखणदार कोपलो तर सगळ्या वाडीक भोवात."

"आबा, पण माझा ऐका तरी..."

"सांगलंय ना एकदा!"

भाईदादा घरी गेला आणि त्याने ट्रंक भरायला घेतली. "उद्याच्या बोटीन जातंय," तो आईला म्हणाला. "परत काय येवचंय नाय." आई चुलीपाशी बसून पदराने डोळे पुसू लागली.

सुगंधा तरातरा बाहेर आली. माडाखाली तिचे शाळेतले सोबती बाबली आणि मथुरा तिची वाट बघत होते.

"इतके दिवस भोंगो चललो, रेडियो चललो, आणि माझ्या दादाचीच गिटार नको?" तिने पाय आपटला. "खोटा आसा ह्या!"

"हळू गो! देवचार ऐकात," बाबली कुजबुजला.

"ऐकांदे! त्याच्या नावार लोक काय काय खपवतत ता त्याका पण कळांदे!"

मथुरा मघापासून विचार करत होती. "गो सुगंधा, मांडवात सगळे अनवाणी. आबा अनवाणी, दादा अनवाणी. एकट्या गंगारामकाकाच्या पायात बूट कित्याक?"

"पायांक वास येता आसात!" बाबली म्हणाला.

"गप रे मेल्या! देवाच्या पाया पडताना काढता. आपल्या विजेच्या पेटीकडे जाताना मात्र आठवणीन घालता. जाड रबरी तळाचे!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. रबरातून वीज जात नाही, ओल्या जमिनीतून जाते, हे शाळेत शिकवलं होतं. मांडवाची जमीन तर बायकांनी आजच शेणाने सारवली होती. अजून ओलीच होती!

"म्हणजे त्याका ठावक आसा!" सुगंधाचा चेहरा लाल झाला. "ठावक असान देवचाराचा नाव सांगता!"

तिघं मांडवात पोचली तेव्हा गंगाराम चहाला गेला होता. बाबलीने आधी मेन स्विच खाली ओढला. विजेच्या लोखंडी पेटीत वीज उतरलीच, तर ती जमिनीत जावी म्हणून एक तार मांडवाबाहेर नेऊन पुरतात, हेही त्यांना माहीत होतं. तार होती. कनातीखालून जाऊन वाळूत शिरली होती. बाबलीने हलकेच ओढली, तर ती आख्खी हातात आली! खाली पाईप नाही, पत्रा नाही, काही नाही. कोरड्या ठणठणीत वाळूत नुसतं टोक खुपसलेलं.

"लोकांक दाखवक पुरली!" मथुरा म्हणाली.

दिवेलागणीला वाडी जमली. सुगंधा तार घेऊन थेट आबांसमोर उभी राहिली.

"माझ्या वायरीक हात लावलास?" गंगाराम खेकसला. "आबा, ह्या चेडवाक आवरा!"

"आबा, माझा एकच मागणा," सुगंधा म्हणाली. "हेंच्या लायनीत दोष नाय मा? मगे स्विच वर करा, आणि काकांनी बूट काढून हयसर उभ्या रवाचा नि गिटारीक हात लावचो. आमी परत तोंड उघडूचव नाय."

"माका कित्याक?" गंगाराम मागे सरला. "मी... मी काय वाजवणारो नाय."

"वाजव नको! नुसतो हात लाव!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "काढ रे बूट!"

"गंगाराम," आबांनी काठी आपटली, "बूट काढ."

गंगारामने बूट काढले नाहीत. तो घाम पुसू लागला. "आबा, खाऱ्या हवेन माझ्या पेटीतली वायर सोललेली आसा, तीच वीज गिटारीत उतरता. परवा माका पण झटको लागलो. पण पाईप पुरूचो तर खड्डो खणा, कोळसो घाला, मीठ घाला... म्हटलं, एका संध्याकाळसाठी कोण करता!"

"आणि माझो दादा मेलो असतो तर?" सुगंधाचा आवाज फाटला. "तरी देवचाराचाच नाव सांगलं असतंस?"

आबांनी काठी विहिरीकडे रोखली. "खण खड्डो!"

मग विहिरीजवळच्या ओल्या मातीत गंगारामने स्वतः खड्डा खणला. लोखंडी पाईप पुरला, कोळसा आणि मीठ घातलं, तार घट्ट जोडली. विजेची पेटी उघडून वायर बदलली. मेन स्विच वर करून त्याने गिटारीच्या तारांना टेस्टर लावला तेव्हा त्यातला दिवा पेटला नाही. तोवर आबा काठी घेऊन त्याच्या डोक्यावर उभे होते. नंतर ते स्वतः भाईदादाच्या घरी गेले आणि त्याला हाताला धरून घेऊन आले.

"आज वाडीची राखण ह्या पोरांनी केली!" आबा सगळ्यांना म्हणाले. "शाब्बास गो चेडवा!"

"शाबासकी मगे, आबा," सुगंधा म्हणाली. "आधी दादाचा काय ता बोला."

आबांनी मान डोलावली. मग देवळाकडे वळून त्यांनी हात जोडले आणि सगळ्या वाडीच्या वतीने देवाला आळवत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरार आमी खोटो आळ घातलो, ता चुकला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारी वाडी एका सुरात म्हणाली.

"आपली कुचराई झाकूक जो कोण तुझा नाव फुडे करीत, त्याका तूच बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबा मागे वळले. "गंगाराम, तुझो आवाज नाय ऐकाक येवक."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"व्हय म्हाराजा," गंगाराम खाली बघून पुटपुटला.

"मोठ्यान!" मुलं एकदम ओरडली.

"व्हय म्हाराजा!"

तेव्हा कुठे भाईदादाने गिटार उचलली.