मातीवरचं नाव

ही हकीकत ऐकून बरेच जण हसतात. हसू द्या. ज्या घरात ती घडली, तिथे नंतर कित्येक दिवस कोणी हसलं नव्हतं.

साल १९५४. ठाण्यातला नौपाडा. आणि वेळ रात्रीची नाही... सकाळची, चांगली उन्हं वर आल्यावरची.

विश्राम मास्तर शिल्पकार होते. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिल्पकलेचा वर्ग घ्यायचे. श्रीपाद त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. नऊ वर्षं तो त्यांच्याच घरी जेवला, त्यांच्याच हाताखाली माती मळायला शिकला.

कल्याणच्या एका वाचनालयासाठी मास्तर एका दिवंगत डॉक्टरांचा पुतळा घडवत होते. मातीकाम संपलं आणि ते विषमज्वराने आडवे झाले. साचा काढून पुतळा ओतून घ्यायचं काम त्यांनी डोळे मिटून श्रीपादवर सोपवलं.

अनावरणाला मास्तर काठी टेकत गेले. पुतळ्याच्या पायाशी शिल्पकाराचं नाव कोरलेलं होतं.

श्रीपाद.

‘द’ची शेपटी लांब, खाली ओढलेली.

मास्तरांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं. त्याने नजरही चुकवली नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

"तुम्ही आजारी होतात, मास्तर. शेवटी पुरं मीच केलं ना?"

मास्तर तिथूनच घरी परतले.

महिन्याभरात कोलशेतच्या खाडीत होडी उलटली आणि श्रीपाद बुडाला. मास्तर त्याच्या अंत्ययात्रेला गेले नाहीत.

त्यानंतर त्यांनी बायकोचा, मंदाकिनीबाईंचा चेहरा घडवायला घेतला. त्या जाऊन पाच वर्षं झाली होती. या कामाला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही, असं त्यांनी मुलीला, सुमेधाला बजावलं. संध्याकाळी मातीवर ओलं फडकं टाकलं. शेडला कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या कनवटीला.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं.

फडकं मात्र... ठिबकत होतं. नुकतंच कोणी भिजवून टाकल्यासारखं.

मास्तरांनी ते उचललं. मंदाकिनीबाईंच्या मानेखाली, ओल्या मातीत...

श्रीपाद.

त्यांनी अंगठ्याने नाव पुसलं. कोणीतरी खोडी काढतंय, असं सुमेधाला वाटलं. तिने दुसरं कुलूप आणून लावलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाव. तीच लांब शेपटी.

तिसऱ्या सकाळी मास्तरांनी नाव पुसलं, फडकं टाकलं आणि दार आतून लावून समोरच बसले. सुमेधा बाहेर उभी राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली.

मग फडक्याखालून आवाज आला...

सर्र... सर्र...

मातीवर कोरणी फिरत होती. शेडमध्ये मास्तरांशिवाय कोणी नव्हतं.

"श्रीपाद," मास्तर म्हणाले, "हिला तरी सोड रे."

आवाज थांबला.

एक क्षण गेला. दोन.

मग एकच रेघ ओढल्याचा आवाज आला... लांब, सावकाश.

शेपटी पूर्ण झाली.

मास्तरांनी त्या दिवशी तो चेहरा दोन्ही हातांनी मोडून टाकला. वर्ग बंद केला. पुन्हा मातीला हात लावला नाही.

आठवड्याने सुमेधा माळ्यावरची जुनी शिल्पं पुसायला चढली. सगळ्यात मागे मास्तरांच्या वडिलांचा प्लास्टरचा अर्धपुतळा होता, १९३८ सालचा. श्रीपाद तेव्हा पाच वर्षांचा असेल. हे घर त्याने पाहिलंही नव्हतं.

त्या पुतळ्याच्या तळाशी...

श्रीपाद.

अक्षरांच्या खाचांत जुनी, घट्ट बसलेली धूळ होती. वरचा रंगही खाचांत उतरलेला होता, सोळा वर्षांपूर्वी दिलेला. शेजारच्या पुतळ्यावर तेच. त्याच्या शेजारच्यावर तेच.

मास्तर शिडीपाशी येऊन उभे होते. त्यांनी एकेक पुतळा खाली मागून घेतला. एकेक नाव वाचलं. मग मान वर करून त्यांनी मुलीला विचारलं,

"सुमे... ही शिल्पं मीच केली होती ना गं?"

सुमेधा ‘हो’ म्हणाली.

पण ‘हो’ म्हणायला तिला क्षणभर उशीर झाला. आणि तो उशीर मास्तरांच्या लक्षात आला.