आसरा, साती वगळून

खोलीत एक यंत्र होतं, दोन स्पीकर, तीन खुर्च्या आणि चार माणसं. चौथ्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"आपण कोण?" डॉ. मृण्मयी बेडेकरांनी विचारलं.

"ड्रम्स," रुद्र म्हणाला. "ही पडली तर उचलायला कुणीतरी हवं."

"पडत नाही रे मी, थिजते," ओवी म्हणाली.

ओवी हुद्दार 'हाडळ मोर्चा' या रॉक बँडची गायिका. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी भयकथा हुडकायच्या आणि त्यांची गाणी करायची, हा बँडचा उद्योग. सगळ्यांत गाजलेलं गाणं 'आसरा': माणसाला तळ्यात ओढून नेणाऱ्या आसरांच्या कथेवरचं. ते ओवीनेच लिहिलं होतं, पण तिलाच ते गाता येईना. आठव्या वर्षी ती तळ्यात बुडता बुडता वाचली होती. ध्रुवपदातला 'आसरा' जवळ आला की घसा बंद. लोकांना आधी ते नाटक वाटलं, मग ते हसायला लागले.

"आठवण काढली की ती थोडा वेळ मऊ होते," बेडेकर म्हणाल्या. "मेंदू ती पुन्हा लिहून ठेवतो. तेवढ्यात आमचं हे भारशामक यंत्र तिच्यावरचा भावनेचा भार उतरवतो. प्रसंग आठवतो, धडधड होत नाही."

"नेमकी तीच आठवण सापडते कशी?" ओवीने विचारलं.

"शब्दावरून," यंत्राशी बसलेले डॉ. पुंडे म्हणाले. "तुमचा शब्द तर आयताच आहे. गाणं लावू. तो शब्द आला की मेंदूत जे जे उजळेल, त्याचा भार उतरेल."

"जे जे?" रुद्रने विचारलं.

"जे जे."

"म्हणजे कपाट न उघडता भंगारवाल्याला द्यायचं."

"कपाटात भीतीच आहे हो," पुंडे हसले.

गाणं तीनदा वाजलं. पहिल्यांदा भावमापकाने शंभरपैकी एक्क्याऐंशी दाखवले, तिसऱ्यांदा तीन.

शनिवारच्या कार्यक्रमात ओवीने ध्रुवपद कुठेही न अडखळता म्हटलं. लोक बेभान झाले. ते बेभान झाले आहेत, हे तिने पाहिलं.

मग ती घरी गेली. फाटकावर बाबांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. तळ्यातून तिला त्यांनीच बाहेर काढलं होतं, आणि त्याच वर्षी बांधलेल्या घराला नाव दिलं होतं 'आसरा'. लहानपणी गाडीत पेंगताना ही पाटी दिसली की ती निर्धास्त झोपून जायची. आता तिने पाटी वाचली. अक्षरं सुबक होती.

"आवाज बसलाय गं तुझा. जेवलीस का?" बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

हात डोक्यावर आहे, एवढं तिला कळलं. तिने ते तसंच, शांतपणे, बाबांना सांगितलं.

सोमवारी बाबाही तिच्यासोबत प्रयोगशाळेत आले. रुद्र आधीच येऊन बसला होता.

"माझ्या आजोळी तळ्यातल्या आसरांना साती आसरा म्हणतात," तो म्हणाला. "गाण्यात होतं ना गं पहिल्यांदा 'साती'?"

"होतं. ठेक्यात बसेना म्हणून तू काढायला लावलंस. चार मात्रा जास्त होतात म्हणालास."

रुद्रने बोटांनी मांडीवर चार मात्रा मोजल्या.

"साती आसरा म्हटलं असतं, तर तळंच उजळलं असतं," बेडेकर सावकाश म्हणाल्या. "नुसत्या आसऱ्याने घरही उजळलं. आणि घरातले तुम्ही."

"मग चढवा ना तो भार परत," बाबा म्हणाले.

"भीतीचा चढवता येतो. एकदा जबर घाबरवलं की पुरतं. हा दुसरा कशाने चढला होता, सांगू शकाल? एखादा प्रसंग?"

बाबा म्हणाले, "प्रसंग असा काही नाही. मी आपला रोज संध्याकाळी घरी असायचो."

पुंडेंनी भावमापक सुरू केला. बाबांनी ओवीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि ती लहान असताना मारायचे तशी हाक मारली. "ओवुल्या."

"काय, बाबा?" तिने नीट वळून विचारलं.

भावमापकाने तीन दाखवले. मग तुलनेसाठी पुंडेंनी तिला दाराच्या कडीवर हात ठेवायला सांगितला. तेव्हाही तीन.