सत्तावीस नंबरची खुर्ची

मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला, एका स्टेशनरीच्या दुकानावर अन्सारभाईंची अभ्यासिका आहे. चाळीस लोखंडी खुर्च्या, प्लायवूडचे आडोसे लावलेली टेबलं, दोन कूलर आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ असा कागद, जो वाचायलाही कुणाला फुरसत नसते. जानेवारी उजाडला की इथं बसायला जागा मिळणं मुश्किल. रामहरी मुलीला घेऊन गेला तेव्हा अन्सारभाईंनी रजिस्टरच उघडून दाखवलं. पूर्ण दिवसाची एकही खुर्ची शिल्लक नव्हती.

“अर्धी हाय एक,” ते म्हणाले. “सत्तावीस नंबर. सकाळी सहा ते दोन तुमची पोरगी. दोनच्या पुढं दुसरी एक बसती.”

रामहरीला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाळूजच्या कारखान्यात तो बारा वर्षं प्रेसवर होता. पहिल्या पाळीचा माणूस उठतो, दुसऱ्या पाळीचा त्याच यंत्राला लागतो. दोघं एकमेकांना नीट ओळखतही नाहीत, तरी काम चालतं. मग खुर्चीनं काय घोडं मारलंय?

अंबिका बारावीला होती. घरात तिच्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं, आणि हिला डॉक्टर व्हायचं होतं. रामहरीचा बाप सोनाजी दोनशे मेंढरांमागं जन्मभर फिरला. रामहरीला ही एकच पोर. सगळा जीव तिच्यातच अडकलेला. मेच्या पहिल्या रविवारी नीटची परीक्षा होती आणि सराव पेपरात सातशे वीसपैकी चारशे दहाच्या पुढं तिची गाडी सरकत नव्हती.

“खुर्ची लई टोचती, आबा,” पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली.

रामहरीनं तिला घरातली जुनी काळी घोंगडी दिली. अंबिका याच घोंगडीत वाढली होती. लहानपणी रस्ता ओलांडताना ती बापाचा हात कधी धरायची नाही, त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीचं टोक मुठीत धरून मागून चालायची.

“घडी करून बस तिच्यावर,” रामहरी म्हणाला. “आन रोज घरी आणू नगं. तिथंच ऱ्हाऊ दे. जागेवर आपली खूण ऱ्हाती.”

फेब्रुवारीत तिला चारशे ऐंशी पडले. मार्चमध्ये पाचशे साठ. रामहरीच्या बायकोनं, सुगंधाबाईनं नारळ फोडला, शेजारीपाजारी पेढे वाटले. आई असा आनंद करत होती आणि पोरगी मात्र भिंतीला टेकून आपली नखं पाहत बसली होती.

“मला अडलेली गणितं घोंगडीखाली सापडतात,” ती बापाला म्हणाली. “सोडवलेली.”

“ती दुसऱ्या पाळीवाली सोडवीत आसंल. चांगली हाय की पोरगी.”

“आबा, अक्षर माझं हाय.”

रामहरी हसला. घोकून घोकून पोरीचं डोकं भणाणलंय, म्हणाला, आणि कामावर निघून गेला.

मग तिचं घरातलं काही काही हरवायला लागलं. भौतिकशास्त्राची सूत्रं धडाधड म्हणायची, पण मिठाचा डबा कुठला ते तिला आठवेना. एकदा तिनं सुगंधाबाईला विचारलं, “आई, तुझं माहेर कोणतं गं?” दर दिवाळीला अंबिका तिथं जात आली होती. सुगंधाबाईनं अभ्यासाचा ताण म्हणून सोडून दिलं.

रामहरीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. गर्दीत पोरीला बोलवायचं तर तो नाव घेत नसे. मेंढरांना बोलावतात तशी जीभ टाळूला लावून दोनदा टकटक करी. पोरगी लाजेनं चूर व्हायची, पण तिची मान वळायचीच. एप्रिलमध्ये एकदा बसस्टॉपवर त्यानं टकटक केली, तर ती थोड्या वेळानं वळली, कुठंतरी लांबून ऐकू आल्यासारखी. जवळ आली तेव्हा त्याच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिच्या अंगाला वासच नव्हता. घासून पालथ्या घातलेल्या भांड्याला नसतो, तसा.

दुसऱ्या दिवशी तो अन्सारभाईंकडे गेला.

“ती दुसरी पोरगी कोण हो?”

अन्सारभाईंनी चष्मा पुसला. “कसं सांगू, भाई. मैं दोपहर को जोहर की नमाज को जाता. परत येतो तर ती बसलेली ऱ्हाती. पाठ दिसती. रोज सही करती, पण वाचता येत नाय. नाव विचारीन म्हणतो अन् विसरून जातो.”

“तोंड नाय पाह्यलं?”

“नाय.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “घोंगडी लपेटून बसती. एवढ्या गर्मीत.”

जिना उतरताना रामहरीला बापाच्या मेंढरांच्या वाड्यातली गोष्ट आठवली. मेंढीचं कोकरू मेलं, की सोनाजी त्याचं कातडं काढायचा आणि एखाद्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचा. मेंढी वासावर चालते. हुंगायची, थबकायची, पुन्हा हुंगायची आणि पान्हा सोडायची. तीन-चार दिवसांनी ते कातडं काढून फेकून दिलं तरी चालायचं. तोवर कोकरू तिचं झालेलं असायचं.

लहान रामहरीनं एकदा विचारलं होतं, मेंढीला कधीच कळत नाय का? सोनाजीनं कातड्याची गाठ आवळली होती.

त्या रात्री तो अंबिकेला म्हणाला, “घोंगडी घरी आण.”

“परीक्षा झाल्यावर आणते, आबा. आता मार्क येतायत.”

त्याच आठवड्यात तिला सहाशे चाळीस पडले होते. रामहरीनं पुन्हा घोंगडीचं नाव काढलं नाही. ते त्याला आजही गिळवत नाही.

परीक्षेचं केंद्र छावणीच्या बाजूला होतं. दुपारी एकलाच फाटकावर रांग लागली. साध्या चपला, अर्ध्या बाह्या, कानातले काढलेले. सुगंधाबाईनं घरूनच हातावर दही-साखर ठेवली होती. आत जाताना अंबिका एकदा मागं वळली. तिनं बापाच्या खांद्याकडे पाहिलं, तिथं काहीतरी असायला हवं होतं तसं. मग ती आत गेली.

ऊन मी म्हणत होतं. रामहरी लिंबाखाली बसून राहिला.

पाच वीसला फाटक उघडलं. पोरांचा लोंढा बाहेर आला. त्यात त्याला अंबिका दिसली. त्यानं जिभेनं टकटक केली.

दोन-चार अनोळखी पोरं वळली. ती वळली नाही.

पुन्हा केली. ती समोरून चालत निघाली होती.

“अंबिका,” त्यानं हाक मारली.

तेव्हा ती हसत आली. “सगळं सुटलं, आबा. एक पण प्रश्न सोडला नाय.”

आज तिच्या अंगाला वास होता. लोकर, चुलीचा धूर, लहानपणी डोक्याला चोपडलेलं तेल. घोंगडीचा वास. आणि घोंगडी तर मुकुंदवाडीला होती.

घरी सुगंधाबाईनं पोरीला पोटाशी धरलं. तिच्या डोक्यावर नाक टेकवलं. क्षणभर थबकली. मग पुन्हा टेकवलं.

“आली गं माझी बाय,” ती म्हणाली आणि रडायला लागली. किती दिवसांनी पोर परत मिळाली, असं म्हणाली.

रामहरीनं चपला पायात सरकवल्या. “मी घोंगडी घिऊन येतो,” तो म्हणाला.

जेवायला बसलेल्या पोरीचा घास हातातच राहिला.

अभ्यासिका ओस पडली होती. परीक्षा संपली, पोरं गावोगाव गेली. अन्सारभाई कूलरचं पाणी काढत होते. त्यांनी रजिस्टर पुढं केलं.

सत्तावीस नंबर. दुसरी पाळी. दुपारी दोन.

आज सही वाचता येत होती. अंबिका रामहरी.

“कोणी आलं नाय आज,” अन्सारभाई हळू आवाजात म्हणाले. “मैं इधरिच था.”

रामहरी आत गेला. खुर्चीवर घोंगडी होती, घडी मोडलेली. मधोमध ओली. त्यानं ती उचलून खांद्यावर टाकली.

मग जीभ टाळूला लावून दोनदा टकटक केली.

काही झालं नाही. बाहेर मालगाडी गेली. तो तसाच उभा राहिला.

खिशात फोन वाजला. सुगंधाबाई होती.

“आवो, या की घरी. पोरगी वाट बघतीय.” मागं भांड्यांचा आवाज येत होता. “आन ती म्हणती, घोंगडी आणू नका. तिथंच टाकून या म्हणती. आता नगं म्हणती.”

रामहरीनं फोन बंद केला आणि दाराकडं एक पाऊल टाकलं.

घोंगडीचं टोक मागून कुणीतरी मुठीत धरलं होतं.