मिटलेल्या पोथीचं पहिलं पान

"चहा बाहेर ठेवा आधी!"

हे मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. हस्तलिखितांच्या दालनात कुणी कप घेऊन शिरलं की माझा पारा चढतो. तो दचकला, अर्धा चहा स्वतःच्याच शर्टावर सांडला आणि म्हणाला, "मी... एक्स-रेवाला."

कधीकाळी पुरात भिजून आमची एक जुनी पोथी विटेसारखी घट्ट झाली होती. साहेब म्हणत, वाफ देऊन पानं सोडवा. मी अडून बसले होते... वाफेनं शाई गेली तर?

"न उघडताच वाचू," तो म्हणाला. "शाईत लोह आहे. कागदाआडूनही ते एक्स-रेमध्ये वेगळं दिसतं."

"आणि पोथीला काही झालं तर?"

"तर मला इथंच पुरा."

"इथं जागा नाही," मी म्हणाले. पण हसू काही लपेना.

पोथी मांडीवर घेऊन मी त्याच्या गाडीत बसले. तो इतकी हळू चालवत होता, की मागचे सगळे हॉर्न बडवत होते.

"घाई नाही ना तुम्हाला?"

"छे!" खरंच नव्हती.

प्रयोगशाळेत मात्र पडद्यावर नुसताच धुरळा. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेबांचा फोन आला — उद्या पोथी परत आणा, वाफच देऊ. त्याचा चेहरा इतका उतरला, की मी माझा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"जेव आधी."

एकेरी...! जीभ चावली मी. तो मात्र गालातल्या गालात हसत जेवू लागला.

"तू पानं सपाट आहेत असं धरलंस का?" मी धीर करून विचारलं. "भिजलेला कागद असा वळतो..." त्याच्या तळहातावर मी बोटानं ती लाट काढून दाखवली. तो घास हातात धरून तसाच थांबला — मग उठून थेट संगणकाकडे धावला.

सकाळी धुरळ्यातून अक्षरं वर आली. मी मोठ्यानं वाचलं, "घोड्यास पडसे झाल्यास..."

आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

"सगळी पानं वाचून झाली," तो हळूच म्हणाला, "की मला तुझ्याकडे यायला निमित्त उरणार नाही."

"निमित्त कशाला हवं? मला आवडतोस तू."

त्यानं माझा हात धरला.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. मी तो डाव्या हातानं घेतला.


"वाचता येतेय, साहेब," मी म्हणाले. "पण आम्हाला जरा वेळ लागेल."