पंचमाकडे झुकलेली डोलकाठी

खडकवासल्याच्या काठावर उत्कर्षा आपल्या शिडाच्या होडीशी सकाळपासून झटत होती. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तिन्ही गंजक्या तारा तिने स्वतः बदलल्या. पण ताण मोजायचं यंत्र नेमकं पाण्यात पडलं. पाचला तपासणी. काठी सरळ नसेल, तर शर्यतीतून नाव बाद — आणि या शर्यतीपायी तिने वर्षभर एकही रविवार झोपेत घालवला नव्हता.

म्हणून ती तारा बोटाने छेडून अंदाज घेत होती.

"अहो, उजवी उतरलीये," मागून आवाज आला. "ऐकवत नाही."

कठड्यावर एक तरुण कणीस खात बसला होता. दाढीत कणसाचा दाणा, आणि डोळे… असो, डोळे तिने नंतर पाहिले.

"आपल्याला होडीतलं कळतं?"

"शून्य. मी केदार. शनिवार पेठेत तंबोरे दुरुस्त करतो."

तिने पाना पुढे केला. "मग या. नुसतं बोलायला काय जातंय!"

केदारने डावी तार षड्ज मानली नि उजवी पंचमाला चढवायला घेतली. हाताची सवय! पण उजवी आवळली की डावीही चढायची. मग तो आणखी आवळायचा… डोळे मिटून, मान डोलावत. इकडे डोलकाठी त्याच्याकडे झुकत चालली.

"थांबा! अंगावर येतेय तुमच्या!"

"तंबोऱ्यात असं होत नाही," तो ओशाळला. "एकीला आवळलं तर दुसरीला का त्रास?"

"मधे काठी आहे ना! पंचम विसरा. दोन्हीकडे एकच स्वर."

मग उजवीकडून तो अर्धा फेरा सोडायचा, डावीकडून ती अर्धा आवळायची, आणि दर फेऱ्याला दोघं काठीआडून एकमेकांकडे बघायचे. काठी सरळ झाली, तरी बघणं काही थांबेना. आता हा उठून जाईल, हे तिला मुळीच आवडलं नाही.

पाचला तपासनीस रावसाहेब आले. त्यांनी काठीला डोळा लावला. "ठीक. पण नव्या तारा सैल पडतात. शर्यतीपर्यंत रोज ताणाव्या लागतील. एकटीला जमेल?"

तिला झोपेतही जमलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

रावसाहेबांचं पेन थांबलं. "मग नाव कसं घालू?"

उत्कर्षाने जीभ चावली. हे काय बोलून बसलो आपण!

"मी येईन ना रोज," केदार म्हणाला.

"शनिवार पेठेतून? तारांसाठी?"

"तारांसाठी नाही हो…" आणि तो कानापर्यंत लाल झाला.

रावसाहेबांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, नाव लिहिलं. "काठी सरळ ठेवा म्हणजे झालं," म्हणून निघून गेले.

"उद्या पाचला?" उत्कर्षाने विचारलं.

"चारला आलो तर… चालेल?"

"तीनला या," ती म्हणाली.